आई पडते आणि आम्हाला सांगत नाही. देवरुखला एकटी असते, काय काय करावं?

माहेरवाशीण:

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही असं वाटतं.

माझी आई ७९ वर्षांची आहे. देवरुखपासून थोडं आत आमचं घर आहे, तिथे ती एकटी राहते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी ठाण्याला, भाऊ पुण्याला. आई हिंडतीफिरती आहे. स्वयंपाक स्वतःचा स्वतः करते, तुळशीला पाणी घालते, गडग्यापर्यंत जाऊन पूजेची फुलं काढून आणते. बीपी आहे, गुडघे दुखतात. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं "आता या वयात कशाला" म्हणत राहूनच गेलंय.

गणपतीला गेले होते. उकड मळायला बसताना तिने बांगड्या वर सारल्या आणि मला कोपराखाली हिरवट-पिवळा डाग दिसला, चांगला तळहाताएवढा. विचारलं तर म्हणाली, "अगो, दाराची कड लागली." संध्याकाळी पाणी घ्यायला तांब्या उचलला तर त्याच्या पोटाला मोठा पोचा. हा तिच्या रुखवतातला तांब्या, पन्नास-पंचावन्न वर्षं कधी चरासुद्धा पडला नव्हता त्याला. म्हणाली मांजराने पाडला. तेव्हा मी काही बोलले नाही. निघायच्या दिवशी शेजारच्या वहिनी पाखाडी उतरून रस्त्यापर्यंत सोडायला आल्या आणि तिथे त्यांनी हळूच सांगितलं. श्रावणात एकदा दुपारी काकू मागच्या दारी पायरीवर बसलेल्या दिसल्या. साडी मागून चिंब, हात टेकून उठायला बघत होत्या पण उठवत नव्हतं. वहिनींनी धरून घरात नेलं. आईने त्यांना शपथ घातली होती, ठाण्याला कळवू नको म्हणून.

मग मी मावशीला फोन केला. इकडून तिकडून जुळवलं तर चैत्रापासून निदान तीन वेळा पडलीय. एकदा ही मागच्या दारची, एकदा रात्री न्हाणीघरात जाताना आणि एकदा पाटावर उभी राहून फळीवरची कोकमांची बरणी काढताना. तिन्ही वेळा मुका मार, हाड शाबूत. पण दर वेळी शाबूत राहीलच असं नाही ना.

घर चिऱ्याचं आहे. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, आणि मागच्या दाराने तीन पायऱ्या उतरून न्हाणीघर. संडास आम्ही दहा वर्षांपूर्वी न्हाणीलाच लागून बांधला, पण तोही त्या तीन पायऱ्यांच्या खालीच. पायऱ्या बाबांनी घडवून घेतलेल्या, सारख्या उंचीच्या नाहीत. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं. दारात पाय पुसायला गोणपाट टाकलेलं असतं, ते जेमतेम सुकतं तोवर पुन्हा भिजतं.

भाऊ म्हणतो, बस झालं, आता तिला पुण्याला आणू. आईपुढे हा विषय काढला की ती तोंड फिरवते आणि दोन दिवस फोनवर हो-नाहीपलीकडे बोलत नाही. मी मधल्यामध्ये आहे. रोज सकाळी सातला फोन करते. ती दोन रिंगांत उचलते. चौथी रिंग वाजली की माझ्या पोटात गोळा येतो.

घरात आधी काय बदलू? तीस-चाळीस हजारांपर्यंत खर्च करू शकते. आणि खरं विचारायचंय ते हे, की तिने निदान सांगावं यासाठी काय करू? पडली हेच कळलं नाही तर मी करणार काय?


नानांची_लेक:

ताई, तुमच्या तांब्याचं वाचलं आणि मला आमच्या नानांचा चष्मा आठवला. एका वर्षात तीनदा त्याची काडी वाकली. मी दर वेळी चष्मेवाल्याकडून सरळ करून आणली. तिसऱ्या वेळी त्या चष्मेवाल्यानेच मला विचारलं, "आजोबा पडतात का हो?" तोवर माझ्या मनात आलंसुद्धा नव्हतं. मी त्याच घरात राहत होते, वरच्या मजल्यावर.

आम्ही मिरजेचे. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले, ८१ वर्षांचे. पहाटे चारला लघवीला उठले आणि पलंग ते बाथरूम या आठ-दहा पावलांत पडले. मी साडेसहाला चहा घेऊन खाली आले तेव्हा दिसले. अडीच तास गार फरशीवर पडून होते. मोबाईल खिडकीत, हाताला न येणाऱ्या अंतरावर. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, चांगलं झालं, वॉकरवर चालायलाही लागले. पण त्यानंतर ते एकटे कधी फाटकाबाहेर गेले नाहीत. गेल्या वैशाखात गेले. त्याआधी ते चार वेळा पडले होते हे मला दवाखान्यात कळलं, तेही डॉक्टरांनी त्यांना विचारलं तेव्हा.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की घराच्या आधी पडण्याकडे बघा. आपण म्हणतो "वय झालं, तोल जातो". नुसतं वय झालं म्हणून कुणी पडत नाही. एक वही करा आणि त्यात प्रत्येक पडण्याचं लिहा: किती वाजता, कुठे, पायात काय होतं, हातात काय होतं, आणि त्याच्या आधी दोन मिनिटं काय करत होती. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मी नानांच्या आठवणीतून चारही वेळचं लिहून काढलं तर तीन वेळा ते झोपून किंवा बराच वेळ बसून नुकतेच उठलेले होते. घसरले नव्हते, पाय अडखळला नव्हता. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मी मात्र बाथरूमला घसरू नये म्हणून चटया आणून टाकल्या होत्या.

बीपीचं मशीन घरात असेल तर हे करून बघा. आईला पाच मिनिटं आडवं झोपवा, बीपी घ्या. मग उभं करा, एका मिनिटाने घ्या, तिसऱ्या मिनिटाला परत घ्या. कुणीतरी शेजारी धरायला उभं हवं. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा १० ने उतरला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. नानांचा आडवा १४८ आणि उभा ११८ होता. वर्षानुवर्षं त्यांचं बीपी खुर्चीत बसवूनच मोजलं जात होतं आणि "उत्तम आहे" असं सांगितलं जात होतं.

दुसरं, सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून घेऊन जा. चालू, बंद, कुणी दिलेल्या, सगळ्या. झोपेची गोळी, लघवी जास्त करणारी बीपीची गोळी, पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात ती, खाज-सर्दीची झोप आणणारी गोळी, मधुमेहात साखर फार खाली नेणारी गोळी, या सगळ्यांनी तोल जाऊ शकतो. दोन-तीन एकत्र असल्या तर जास्तच. मात्र आपल्या मनाने एकही बंद करू नका. विशेषतः झोपेची गोळी एकदम तोडली तर भलताच त्रास होतो, ती हळूहळू उतरवावी लागते.

आता तुमचा खरा प्रश्न. नाना का लपवत होते ते मी त्यांना नंतर विचारलं. म्हणाले, "सांगितलं असतं तर तू मला एकट्याला मिरज स्टेशनावर जाऊ दिलं नसतंस." रोज संध्याकाळी ते स्टेशनावर जाऊन बाकावर बसायचे, जुने सहकारी भेटायचे. आणि खरंच, मी जाऊ दिलं नसतं. तुमच्या आईला पडल्याचं सांगितलं की पुण्याला जावं लागणार हे आधीच कळून चुकलंय. तिच्या जागी तुम्ही असतात तर सांगितलं असतंत का? आधी तिला शब्द द्या. पडलीस असं सांगितलंस म्हणून तुला इथून हलवणार नाही. आणि हा शब्द भावाने स्वतःच्या तोंडाने द्यायला हवा, तुम्ही देऊन चालायचं नाही.


एक_मुलगा:

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. आम्हीही आईच्या मनाप्रमाणे तिला गावी राहू दिलं. दोन वर्षं "बघू, बघू" केलं. शेवटी डोक्याला मार लागला तेव्हा आणली. ती रक्त पातळ करायची गोळी घेत होती. पडल्यावर टेंगूळ आलं, बाकी काही नाही, असं आम्हाला फोनवर सांगितलं. तीन आठवड्यांनी बोलणं अडखळायला लागलं. मेंदूभोवती रक्त साचलं होतं. ऑपरेशनने वाचली, पण आधीच आणली असती तर असं मला रोज वाटतं. तुमची आई अशी गोळी घेते का ते बघा. घेत असेल तर डोक्याला लागल्यावर ती कितीही बरी दिसली तरी त्याच दिवशी दवाखाना, आणि पुढचे काही आठवडे डोकेदुखी, गुंगी, बोलण्या-चालण्यात फरक यांवर लक्ष.


फिजिओ_कोल्हापूर:

वरच्या दादांचं डोक्याच्या माराबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हलवण्याबद्दल माझा अनुभव थोडा निराळा. नव्या घरात आलेली वयस्कर माणसं पहिल्या काही आठवड्यांतच पडलेली मी खूप पाहिली आहेत. स्वतःच्या घरात बटण कुठे, उंबरा कुठे हे पायांना पाठ असतं. फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, अनोळखी पलंगाची उंची, आणि दिवसभर सोफ्यावर बसून राहणं. हिंडतंफिरतं माणूस तीन महिन्यांत मांड्यांतली ताकद घालवून बसतं. न्यायचं की नाही हा निर्णय तुमचा, पण "आणली म्हणजे पडणं थांबलं" असं मानू नका.

तुम्ही पुढच्या वेळी जाल तेव्हा घरीच तीन गोष्टी बघा. हाताशी कुणीतरी उभं ठेवून. एक, भिंतीला टेकवलेल्या साध्या खुर्चीतून हात छातीवर बांधून उठणं-बसणं. ३० सेकंदांत किती वेळा होतं ते मोजा. तुमच्या आईच्या वयाच्या बाईला १० पेक्षा कमी होत असेल तर मांड्या कमकुवत झाल्यात. दोन, खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीच्या चालीने. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. तीन, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, रांगेत, १० सेकंद उभं राहता येतं का.

कमी पडलं तरी घाबरायचं कारण नाही, कारण ताकद आणि तोल ८० व्या वर्षीही वाढतात. माझ्या सगळ्या कामात मला हीच गोष्ट लोकांना पटवायला सगळ्यात जड जाते. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात घरी एकट्याने करायच्या व्यायामांचा एक क्रम बसवलाय. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास व्यायाम आणि त्याखेरीज चालणं. तो नीट केला त्या वृद्धांचं पडणं साधारण एक तृतीयांशाने कमी झालं. यात जगावेगळं काही नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, चवडे उचलणं, पाय बाजूला नेणं, थोडे गुडघे वाकवणं, ओट्याच्या कडेने आडवं चालणं, आणि खुर्चीतून उठ-बस. जमायला लागलं की दोन हातांऐवजी एक हात, मग दोन बोटं. आमटी उकळेपर्यंत होतं. फक्त सोडायचं नाही.

आणखी एक. तुमची आई अजून जमिनीवर बसते का? बसत असेल तर ती सवय मोडू नका. जमिनीवरून उठता येणं म्हणजे पडल्यावर उठता येणं. तेही शिकवून ठेवा. पडल्यावर लगेच धडपडून उठायचं नाही. आधी श्वास घ्यायचा, हातपाय हलवून बघायचे. कुशीवर वळायचं, कोपरावर भार देऊन दोन हात-दोन गुडघ्यांवर यायचं, रांगत एखाद्या भक्कम खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जायचं, दोन्ही हात त्यावर टेकवायचे, बऱ्या पायाचा तळवा पुढे टाकायचा आणि उठून वळून बसायचं. एक पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, उचलवत नाही, असं असेल तर मात्र हलायचं नाही आणि कुणी उचलायचंही नाही. पांघरूण घालायचं आणि १०८ ला फोन.

अंगणात शीळ ऐकू जाईल इतक्यावर शेजार आहे ना? मग गळ्यातल्या दोऱ्यात एक शिट्टी अडकवा. मोबाईल प्रत्येक वेळी जवळ असतोच असं नाही, शिट्टी असते.

ड जीवनसत्त्वाचं मोठं इंजेक्शन द्या म्हणजे पडणार नाहीत, असं कुणीतरी सांगेलच. कमतरता असेल तर डॉक्टर देतील तेवढं घ्यावं. पण ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदम ५ लाख युनिट देऊन पाहिले, २०१० मध्ये त्याचा निकाल छापून आला, तर त्या बायका कमी नाही, जास्तच पडल्या.


चिऱ्याचं_घर:

मी लांज्याकडे घरदुरुस्तीची कामं करतो. तुमच्या वर्णनावरून पायऱ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. आधी पैसा तिथे घाला.

तिन्ही पायऱ्यांची उंची एकसारखी करून घ्या. दोन सारख्या आणि तिसरी दीड इंच वेगळी असली की पाय फसतो, कारण पहिल्या दोनांवर पाय अंदाज बांधतो. उंची सहा इंचांच्या आसपास, पाऊल पूर्ण मावेल एवढी रुंदी. वर गुळगुळीत काहीही लावू नका. कडाप्पा लावलाच तर छिन्नीने टाचे मारून खरबरीत करून घ्या. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंदीचा पिवळा पट्टा, रंगात बारीक वाळू मिसळून. मोतीबिंदूच्या डोळ्याला कड दिसत नाही, पिवळी दिसते. शेवाळासाठी मिरगाच्या आधी एकदा आणि मग पावसात दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं. हे काम आईने करायचं नाही, गड्याला सांगा. आणि जमलं तर वर पत्रा. पाणीच पडलं नाही तर शेवाळ कशावर धरणार?

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा कठडा, शेवटच्या पायरीच्या पुढे एक फूट वाढवलेला. आधार सगळ्यात जास्त लागतो तो शेवटचं पाऊल टाकताना, आणि लोक कठडा नेमका त्याच्या आधी संपवतात.

न्हाणीत आधाराला धरायच्या दांड्याबद्दल. चिरा सच्छिद्र आणि मऊ असतो. साधा खुंटा आणि स्क्रू मारून बसवलेला दांडा टॉवेल वाळत घालायला ठीक, माणसाचा भार आला की उपटून हातात येतो. मी एका घरी असा उपटलेला पाहिलाय, आजीबाई दांड्यासकट खाली. चिऱ्यातून आरपार बोल्ट काढा, पलीकडून लोखंडी पट्टी लावा आणि नट आवळा. बसवल्यावर तुम्ही स्वतः त्याला लोंबकळून बघा. रबरी वाटीने फरशीला चिकटवायचे दांडे मिळतात, ते अजिबात नकोत. गोणपाट आजच काढा.

रात्रीसाठी पलंगापासून न्हाणीपर्यंत हालचालीवर लागणारे दिवे बसवा. लाईट गेली तरी चार तास चालणारे बल्ब येतात, त्यातला एक मागच्या दारी. तुमच्या बजेटात हे सगळं होईल, पत्र्यासकट जरा ओढाताण होईल.


माहेरवाशीण:

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक उत्तर मी भावाला पाठवलं. "एक_मुलगा" यांचं वाचून तो रात्रभर झोपला नाही, आणि नानांचं वाचून दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, तू जा, मी फोनवर येतो.

मी चार दिवस देवरुखला होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या समोर बसले आणि भावाला फोन लावून मध्ये ठेवला. त्याने जसं ठरलं होतं तसं सांगितलं. आई, तू कितीही वेळा पडलीस तरी मी तुला तुझ्या मनाविरुद्ध पुण्याला आणणार नाही. फक्त आम्हाला कळू दे. आई काही बोलली नाही. सुपातले सगळे तांदूळ निवडून झाले, पाखडून झाले, तिने खडे वेगळे काढले. मग म्हणाली, "पाच."

आम्ही तीन धरून चाललो होतो. उरलेल्या दोनांतलं एक आम्हाला माहीतच नव्हतं, आणि दुसरं तांब्याचं. पहाटे अंथरुणातून उठून तशीच तुळशीला पाणी घालायला गेली. पडवीच्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. तांब्या आधी दगडावर आपटला, मग ती. म्हणाली, "तांब्या वाजला म्हणून मी वाचले, आवाजाने शुद्ध आली." तिला वाटत होतं आम्हाला कळलं की आम्ही घराला कुलूप लावू. हेच शब्द. घराला कुलूप लावाल.

वही केली. पाचपैकी तीन वेळा ती नुकतीच उठलेली होती, म्हणजे नानांसारखंच. बीपी आडवं १५२, उभं १२४. चार दिवस सकाळी घेतलं, रोज थोडाफार तोच फरक. गोळ्यांची पिशवी घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यात झोपेची एक गोळी निघाली, ती बाबा गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी दिलेली होती. सहा वर्षं ती रोज रात्री घेत होती, मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून देत राहिला. डॉक्टरांनी ती हळूहळू उतरवायला सुरुवात केलीय आणि बीपीच्या गोळ्या बदलल्यात. रक्त पातळ करायची गोळी ती घेत नाही, ते विचारून घेतलं. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला दिवाळीनंतर तयार झालीय. तोवर उठायचं ते असं ठरलंय: आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय हलवत रामरक्षेचे पाच श्लोक म्हणायचे, मग उभं राहायचं. ही कल्पना तिचीच. मिनिटं मोजणं तिला जमत नाही म्हणाली, श्लोक मोजता येतात.

खुर्चीतून उठ-बस ३० सेकंदांत सात झाली. मी निघेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायला लागली होती. वहिनींशी ठरलंय, सकाळी सात वाजता पडवीचं दार उघडं दिसलं नाही तर हाक मारायची. शिट्टी गळ्यात आहे. पहिल्या दिवशी वाजवून बघितली तर वाडीतली चार पोरं धावत आली, त्यांना लाडू द्यावे लागले.

पायऱ्यांचं काम दसऱ्यानंतर गवंडी धरणार आहे. गोणपाट मी त्याच संध्याकाळी बंबाखाली घातलं.

एक अडलंय. वॉकर नको म्हणते, बाजारातली ॲल्युमिनियमची काठीही नको. बाबांची वेताची काठी आहे, ती वापरेन म्हणते. बाबा उंच होते. तिने हातात धरली की कोपर पार वर येतं. ती कापून चालेल का? मुठीवर बाबांनी चाकूने स्वतःचं नाव कोरलंय, ते तिला तसंच हवंय.


फिजिओ_कोल्हापूर:

चालेल. काठी खालूनच कापतात, मुठीला हात लावायची गरज नाही. आधी वेत बघा, चीर गेलेली नाही ना, भार दिल्यावर फार लवत नाही ना. आईला घरात घालते ती चप्पल घालून सरळ उभं करा, हात सैल सोडलेले. मनगटाच्या रेघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. मूठ त्या उंचीला आली पाहिजे, म्हणजे कोपर थोडंसं वाकतं. खाली बसवायच्या रबराची जाडी त्यातून वजा करायला विसरू नका. कापल्यावर टोकाचा व्यास मोजून त्याच मापाचं रबर आणा, सैल बसलं तर तेच घसरतं. झिजून गुळगुळीत झालं की बदलायचं, म्हणून दोन आणून ठेवा. कुठला गुडघा जास्त दुखतो ते बघा आणि काठी त्याच्या विरुद्ध हातात द्या. पायऱ्या चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

एकदम कापू नका. अर्धा इंच जास्तच ठेवा, दोन दिवस चालू द्या, मग उरलेलं.


माहेरवाशीण:

उजवा गुडघा. म्हणजे काठी डाव्या हातात. तिने आजवर उजव्याच हातात धरली होती. आज फोन करून सांगते.